शिडी कोणी धरली होती

"सुटला बिचारा," असं म्हणून राहिले होते लोक घाटावर. एक नाही, दोन नाही, आठ-दहा तोंडांतून ऐकलं मी. मले असा संताप आला दौलत, की वाटलं एकेकाची गचांडी धरावी. सुटला म्हणे! तेरा वर्षं हा माणूस लाकडाच्या फळीवर पडून होता तेव्हा तुम्ही कोणत्या बिळात होते रे? एकदा तरी येऊन त्याची कूस बदलून दिली का? पण मी काही बोललो नाही. तुले तं माहीत आहे, बोलायच्या वेळी न बोलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

अन् तू पाहा, कसा सरळ पडला होता सरणावर! मी पाहतच राहिलो. तेरा वर्षांत तुले सरळ असा पाहिलाच नव्हता. तू उभा झाला की कमरेपासून डाव्या अंगाले कलायचा, उजवा पाय मागून फरफटत यायचा. त्या पायातली चप्पल रस्त्यात कुठं निघून पडली हेसुद्धा तुले समजायचं नाही. मागून येणारा कोणी पोट्टा ओरडायचा, "ओ काका, चप्पल!" अन् तू हसून म्हणायचा, "राहू दे बाप्पा, तिले माझा कंटाळा आला."

तू कधी जन्मला, किती शिकला, मागं कोण कोण राहिलं, हे काही मी लिहीत नाही. ते ज्याले पाहिजे त्याले माहीत आहे. मले तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं सोडून उठून जाणं ही तुझी जुनीच खोड, पण या वेळी तू हद्द केली.

आपली जिनिंग फॅक्टरी आठवते नं? आठवत नसायला काय झालं म्हणा. तू फिटर, मी तेलवाला. कापूस यायला लागला की फॅक्टरी चालू, कापूस सरला की बंद. छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडाचा लांब दांडा फिरायचा, शाफ्ट म्हणायचो आपण. त्याच्या चाकांवरून पट्टे खाली यायचे अन् सरकी काढायची एकेक मशीन फिरायची. मशीन बिघडली की तू, अन् वर शिडी लावून शाफ्टले तेल द्यायचं असलं की मी. दुपारी डबा एकाच जागी, मागच्या कडुनिंबाखाली. तुझ्या डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर अन् माझ्या डब्यातली भाजी तुझ्या पोटात. वहिनींच्या हातच्या त्या ठेच्यासाठी मी तुझे किती बोल ऐकून घेतले.

अन् तुझे बोल म्हणजे काय, देवावरून. तू छप्पन साली बापासोबत दीक्षा घेतलेला. मी घरी घट बसवणारा, नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करणारा. "शंकऱ्या," तू म्हणायचा, "तू देवीले नैवेद्य दाखवतो अन् देवी तुले उपाशी ठेवते. हे कोणतं शास्त्र बे?" मी चिडून म्हणायचो, "तुले काय समजते? तू तं सगळे देव घराबाहेर काढून बसला." "काढले नाही गा," तू म्हणायचा, "सुट्टी दिली. थकले होते बिचारे." मग मी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरायचो अन् तिसऱ्या दिवशी ठेचा आठवायचा.

आता खंडेनवमीचं सांगतो. तुले नाही, माझ्या मनालेच सांगतो, कारण तेरा वर्षं मी ते नीट सांगतलंच नाही.

आपल्याकडे रीत अशी होती की दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीले, फॅक्टरी धुवायची, मशिनी पुसायच्या, हळद-कुंकू लावायचं, अन् वर शाफ्टले या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा हार घालायचा. मग आरती, मग भिजल्या डाळीचा प्रसाद. हजेरी मात्र त्या दिवशी नाही. हजेरी लागायची दसऱ्यानंतर. पण खंडेनवमीले जो आला नाही त्याले मुकादम सीझनभर विसरायचा नाही. म्हणजे येणं तं सक्तीचं, काम सकाळपासून दुपारपर्यंत, अन् कागदावर तुम्ही पाहुणे. शेठले ही रीत फार प्यारी होती. धर्माचं काम आहे म्हणायचा, त्याची कसली हजेरी?

तू पण दरवर्षी यायचा. मशिनी झाडायचा, नटबोल्ट कसायचा, अन् आरतीची घंटा वाजायच्या आधी बाहेर जाऊन विडी ओढत बसायचा. आरती झाली की आत येऊन डाळ खायचा. मी म्हणायचो, "प्रसाद कसा चालते तुले?" तू म्हणायचा, "प्रसाद तू खा. मी डाळ खाऊन राहिलो."

त्या वर्षी माझा उपासाचा नववा दिवस. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मुकादमानं झेंडूचा हार माझ्या गळ्यात टाकला अन् म्हणाला, "शंकर, चढ वर, घाल लवकर. मुहूर्त निघून राहिला." मी बांबूची शिडी शाफ्टले टेकवली, तीन पायऱ्या चढलो अन् डोळ्यापुढं अंधारी आली. तू खाली मशीन पुसत होता. तुले समजलं. "उतर," तू म्हणाला. "उतर बे बह्याडा, मरशीन." मी उतरलो. तू माझ्या गळ्यातला हार काढून आपल्या खांद्यावर टाकला. मी म्हणलं, "अबे, तू? तू काहून घालतो? तुले चालते का?"

तू काय म्हणाला ते मले रोज आठवते. "देवाले नाही घालून राहिलो. तुझं काम करून राहिलो. माझ्यासाठी हा हार म्हणजे पट्टाच आहे गा."

मुकादम तिथंच उभा होता. त्यानं पाहिलं, अडवलं नाही. त्याले हार वर गेल्याशी मतलब, कोणाच्या हातानं गेला याच्याशी नाही. वर जाता जाता तू मले म्हणाला, "धरून ठेव, फरशी ओली आहे." मी म्हणलं, "चढ नं! सोडीन का मी?"

मग तू पडला. शिडीचे पाय ओल्या फरशीवरून सरकले अन् तू वरून थेट बुडावर आदळला. लोक धावले. अन् आपल्या लोकांची अक्कल पाहा, पहिलं काय केलं तं दोघांनी काखेत हात घालून तुले उभा केला. "चालून पाहा, चालून पाहा, काही नाही झालं!" अन् तू पण मोठा मर्द, चालला. दहा पावलं चालला. "काही नाही," म्हणाला, हसला. फाटकापाशी जाऊन तुझे पाय गेले अन् तू पोत्यासारखा खाली बसला. तिथं कापसाची पहिली बंडी उभी होती, बैलांच्या शिंगांले माळा घातलेल्या. मी म्हणलं, बंडी रिकामी करा, याले आडवा टाकून दवाखान्यात नेऊ. मुकादम म्हणाला, "मुहूर्ताची बंडी आहे. तिले हात लावू नको." म्हणून आपण सायकलरिक्षा केला. तुले त्या एवढ्याशा सीटवर दुमडून बसवला अन् मी बाजूनं दाबून धरला, अन् प्रत्येक खड्ड्याले तू माझ्या मांडीत नखं रुतवत होता. नंतर डॉक्टरनं मले झापलं. मणक्याचा मार लागलेल्या माणसाले बसवून आणतात का म्हणे, तेही रिक्षात! मले काय माहीत होतं साहेब? आमच्या इकडं पडलेल्या माणसाले उठवून बसवतात.

दुसऱ्या दिवशी दसरा. तुझा पांढरा शर्ट वहिनींनी धुऊन इस्त्री करून ठेवला होता. दरवर्षी तू बायको-पोरीले घेऊन दीक्षाभूमीवर जायचा. तू दवाखान्यात फरशीवरच्या गादीवर पडला होता, कारण खाट मिळाली नव्हती, अन् मले म्हणाला, "शंकऱ्या, यांले तू घेऊन जा." मी गेलो. घट उठवून, उपास सोडून, तुझ्या सुमनले खांद्यावर बसवून मी त्या गर्दीत दिवसभर हिंडलो. संध्याकाळी तू विचारलं, "किती लोक होते?" मी म्हणलं, "मोजता येत नाही एवढे." तू तोंड भिंतीकडं केलं. एवढ्या वर्षांत तुले रडताना मी तेवढंच पाहिलं. दौलत, तो दिवस तू माझ्या हवाली केला याचे मी उपकार मानतो. बाकी आपल्या दोघांत मानण्यासारखं मी काही ठेवलं नाही.

डॉक्टरनं वहिनींले समजावून सांगतलं होतं. दोन मणक्यांच्या मधात एक मऊ गादी असते, ती पडल्यामुळं सरकली, फाटली, अन् पायाकडं जाणारी नस तिच्याखाली दबली. पायाले विटा लटकवून तुले तीन आठवडे ताणून ठेवलं. मग कमरेले पट्टा आला, मग फळी आली, अन् ती फळी तुझ्या पाठीले कायमची चिकटली. शिंकलं तरी टाचेपर्यंत वीज जायची. मी म्हणायचो, शिंकू नको. तू म्हणायचा, "बरं, नाकाले सांग."

फॅक्टरीतून दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तुझ्या घरी एक पुडी आली. वहिनींनी उघडली तं आत नारळाचा तुकडा अन् वाळलेली डाळ. प्रसाद! माणसाची कंबर घेतली अन् प्रसाद पाठवला. वहिनींनी ती पुडी माझ्यासमोर चुलीत टाकली.

मग कोर्ट. तुले नुकसानभरपाई पाहिजे होती, अन् का पाहिजे होती हेही तू मले फळीवर पडल्या पडल्या सांगतलं होतं. "पैसा येईन तं सुमन शिकीन, ते आहेच. पण शंकऱ्या, कोणीतरी लिहून दिलं पाहिजे की हा माणूस काम करता करता पडला. लोक म्हणून राहिले, दारू पिऊन पडला. मी फुकट नाही पडलो." हे तुले पाहिजे होतं. एक कागद, अन् त्याच्यावर एवढं एक वाक्य.

तुझा वकील पोरगेला होता, पण पोरगा चांगला. तो माझ्या घरी आला. म्हणाला, "काका, त्या दिवशीची हजेरी नाही. शेठ म्हणतो हा माणूस पूजेला पाहुणा म्हणून आला होता. तुम्ही फक्त खरं तेवढं सांगा. मुकादमानं हार घालायला तुम्हाला सांगितलं, तुम्हाला चक्कर आली म्हणून तो चढला, मुकादम समोर होता, तुम्ही शिडी धरली होती. मग काम फॅक्टरीचंच ठरतं. बस, एवढंच." मी मान हलवली. त्याच संध्याकाळी मुकादम पानठेल्यावर भेटला. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "सीझन चालू आहे. तुले काम पाहिजे नं गा?"

लोकांनी पुढं मानलं की शंकर मुकादमाले घाबरला. मीही मानू दिलं. घाबरलोच होतो. पण खरं भेव मुकादमाचं नव्हतं.

कोर्टात पहिले तू उभा झाला. शेठचा वकील धरमपेठेतला, काळा कोट, आवाज लोण्यासारखा. शपथेच्या वेळी तू म्हणाला, "देवाची शपथ मी घेत नाही. प्रतिज्ञेवर खरं सांगतो." त्यानं ते लगेच हेरून ठेवलं. आधी त्यानं तुझ्या पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला अन् न्यायाधीशाले दाखवला. "सगळी हाडं जागच्या जागी आहेत, साहेब. मोडलंय काय?" डॉक्टर आधीच सांगून गेला होता की फोटोत हाड दिसते, गादी दिसत नाही. पण जे दिसत नाही ते कोर्टाले कसं दाखवायचं? तू वाकडा उभा होता, तेच दाखवणं. ते मात्र कोणी पाहत नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "तुम्ही देवधर्म मानत नाही. बरोबर?"

"मानत नाही."

"मग देवाला हार घालायला का चढलात?"

"देवाले घालाले नाही चढलो."

"मग कोणासाठी चढलात?"

तू माझ्याकडं पाहिलं. मी मागच्या बाकावर होतो. तुझं पाहणं अर्ध्या मिनिटाचं असेल, मी मान खाली घातली.

"कोणासाठी नाही. माझ्या मनानं चढलो."

"शिडी कोणी धरली होती?"

"कोणी नाही धरली."

तुझ्या वकिलानं कपाळाले हात लावला. नंतर माझं नाव पुकारलं. त्यानं मले विचारलं, "तुम्ही शिडी धरली होती का?" अन् मी म्हणलं, "नाही. मी आरतीत होतो."

झालं. दावा खारीज. माणूस कामावर नव्हता, आपल्या मनानं चढला, निष्काळजीपणानं पडला. तुले पाहिजे होता तो कागद मिळाला, फक्त वाक्य उलटं होतं. अन् कोर्टाच्या त्या उंच पायऱ्या उतरताना तुले आधार पाहिजे होता तं तू कोणाच्या खांद्यावर हात ठेवला? माझ्या! दुसऱ्या बाजूनं वहिनी होत्या. एकेक पायरी उतरत आपण खाली आलो अन् तू म्हणाला, "चल, चहा पाज." मी चहा पाजला. 

आता ऐक. मी आरतीत होतो, हे खरं बोललो होतो मी. तेव्हापासून ते एक वाक्य मी उलटून पालटून पाहतो, त्याच्यात खोट सापडत नाही. तू वर हार शाफ्टवर टाकत होता. खाली देवीच्या फोटोपुढं कापूर पेटला, घंटा वाजली, सगळ्यांनी आरती धरली. अन् दौलत, लहानपणापासून माझ्या मायनं शिकवलं होतं की आरती सुरू झाली की हातातलं टाकून हात जोडायचे. जेवता जेवता जोडले, लेकराले अंघोळ घालता घालता जोडले. मले आठवतसुद्धा नाही मी केव्हा ठरवलं. ठरवलंच नाही. घंटा वाजली अन् माझे हात जुळले. डोळे पण मिटले. मग शिडीचा आवाज आला. डोळे उघडले तं तू अर्ध्यात होता, अन् तू माझ्याकडं, माझ्या जुळलेल्या हातांकडं पाहत पडला.

हे होतं माझं भेव. शिडी धरली होती म्हणलं असतं, तं पुढचा सवाल तयार होता, मग सरकली कशी? एवढ्या लोकांत, वहिनींसमोर, मले सांगावं लागलं असतं की मी मित्राले सोडून देवीले हात जोडले. काम गेलं असतं तं दुसरं पाहिलं असतं, हमाली केली असती. पण हे तोंडातून निघत नव्हतं.

अन् तू! तुझा मले जास्त राग येते. रोज सकाळी उठून तू पंचशील म्हणायचा, त्यातलं चौथं, खोटं बोलणार नाही. देवाची शपथ नको म्हणणारा तू, स्वतःच्या प्रतिज्ञेवर उभा राहून खोटं बोलला. माझ्यासाठी. कोणी सांगतलं होतं तुले एवढं मोठं व्हाले? तू माझं नाव घेतलं असतं, मले चार शिव्या दिल्या असत्या, तं मी तिथंच ओकून मोकळा झालो असतो. तू कोणी नाही म्हणाला अन् मी त्याच भोकातून बाहेर पळालो. तुझा चांगुलपणा मले भारी पडला, दौलत. मी त्याच्या लायकीचा नव्हतो हे तुले समजत नव्हतं का? का समजूनच केलं? हे मले तुले विचारायचं होतं.

मग ते रविवार. पाचपावलीहून सायकल मारत मी तुझ्या घरी इंदोऱ्याले यायचो, पिशवीत संत्री घेऊन. वहिनी दारात सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेल्या, तू आत फळीवर पडून त्यांचे कट्टे बांधायचा. संत्रं सोलून तोंडात टाकायचा अन् म्हणायचा, "आंबट आहे. तुझ्यासारखंच." मग आपण भांडायचो. रेडिओवरून, म्युनिसिपालटीवरून, पोट्ट्यांनी इंग्रजी शिकावं की नाही यावरून. देवावरून मात्र तू मले पुन्हा कधी चिडवलं नाही. तेरा वर्षांत एकदाही नाही. मी स्वतः विषय काढला तरी तू टाळायचा. तुझ्या त्या टाळण्यानं मले जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नसतं.

सुमन सातवीतून निघाली अन् आईजवळ सूप घेऊन बसली, त्या रविवारी मी आत आलोच नाही. सायकल दाराशी टेकवली, संत्री ओट्यावर ठेवली अन् परत फिरलो. तू आतून ओरडला, "कोण आहे गा?" मी म्हणलं नाही की मी आहे.

अन् शेवटचा रविवार. छातीत कफ भरला होता, बोलताना घरघर व्हायची. तू माझं मनगट धरलं. "शंकऱ्या," म्हणाला, "एक विचारू का तुले?"

मी काय केलं असेल? म्हणलं, "पुढच्या रविवारी विचार. आता दम लागून राहिला तुले." तू हसला. "बरं," म्हणाला. पुढचा रविवार आला, पण त्याच्या तीन दिवस आधी तू गेला. काय विचारायचं होतं रे तुले? मले दोनच सवाल सुचतात, शिडी काहून सोडली अन् कोर्टात खरं काहून नाही बोलला, अन् दोन्हींचं उत्तर एकच आहे.

काल तुझा जलदानाचा विधी झाला. भंतेजी आले होते, गल्लीतले सगळे आले होते, सुमन जावयासोबत आली होती. तुझा तो एकच फोटो, फॅक्टरीच्या ग्रुपमधून काढून मोठा केलेला, वहिनींनी उंच खुंटीवर लावला होता. त्याले हार घालायचा होता. दोन-तीन जवान पोट्टे पुढं झाले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नाही. भाऊजी, तुम्ही चढा."

"मी? माझे गुडघे पाहा वहिनी."

"तुम्हीच चढा. मी धरते."

टेबलावर स्टूल ठेवलं होतं. मी शेवंतीचा हार खांद्यावर टाकला अन् चढलो.  हात वर केला अन् तेवढ्यात खाली भंतेजींनी वंदना सुरू केली. सगळ्या खोलीनं हात जोडले. मले स्टूल हलल्यासारखं वाटलं. मी खाली पाहिलं.

वहिनींचे दोन्ही हात स्टुलाच्या पायांले होते. बोटं पांढरी पडलेली. सगळे डोळे मिटून, हात जोडून उभे, अन् त्या एकट्या वर माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या.

"घाला हार," त्या हळूच म्हणाल्या. "मी सोडत नाही."

मी हार घातला. कसा घातला ते मले माहीत नाही. खाली उतरलो तं माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, मले तुमाले काही सांगायचं होतं."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात, पहिल्याच रात्री सांगतलं त्यायनं. म्हणले, शंकरनं आरतीले हात जोडले, त्याची सवय होती, त्याले कधी बोलू नको. मी तेरा वर्षं बोलले नाही. त्यायनं तुमाले माफ केलं होतं भाऊजी. मी नाही केलं."

वंदना चालूच होती. त्या स्टुलापासून बाजूले झाल्या, पदर सारखा केला अन् माझ्याकडं न पाहता म्हणाल्या,

"आता जोडा हात."

दौलत, सगळी खोली हात जोडून उभी होती, वर फोटोतून तू पाहत होता. मी माझे हात वर आणले, छातीपर्यंत आणले. ते जुळले नाहीत.